म्हैस जिथे बसली

राजबीरने दार उघडलं आणि त्याच्याआधी मोहरीच्या तेलाचा वास बाहेर आला. कोमट केलेलं तेल, त्यात हळद, बेसन आणि कसलीशी कडवट मुळी. मी पायरीवरच थांबले. मार्चमधली दुपार होती, रस्ता नुकताच भिजून वाळत होता, समोरच्या घरातल्या बाई रिसायकलिंगच्या पेट्या आत ओढत होत्या. आणि पन्नाशी उलटलेली मी पुन्हा शाळेच्या ग्रे स्कर्टमध्ये, गळ्यात किल्ली अडकवून, याच पायरीवर उभी होते.

"आत येतेस की तिथूनच नमस्कार करणार?" राजबीर म्हणाला. "आणि बूट राहू देत. कार्पेट सकाळीच कामातून गेलंय."

आज त्याच्या मुलीचं, किरणचं, बान होतं. बान म्हणजे त्यांच्याकडची हळद. लग्न पुढच्या शनिवारी कार्डिफला, तिथल्या ओवेनशी. मी बेसिंगस्टोकहून रेडिंगला गाडी बदलून आले होते. रेडिंगनंतर ती गाडी इतकी रमतगमत जाते की माणूस ब्रॅकनेलला पोचेपर्यंत निम्मं आयुष्य आठवून होतं. माझं झालं होतं. एवढ्यासाठीच मी कार आणली नव्हती.

या इस्टेटमध्ये आमचं आणि राजबीरचं घर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होतं. भिंत पातळ. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की ताऊ पलीकडून खाकरायचे, आणि ताऊ खाकरले की बाबा म्हणायचे, "चला, वरण झालं."

हे गावच मुळी नवं. शेतं मोडून, आखून-रेखून वसवलेलं. आमच्या भागातल्या रस्त्यांची नावंसुद्धा कुणीतरी टेबलापाशी बसून अक्षरांच्या क्रमाने पाडलेली. प्रत्येक वळणावर एक राउंडअबाउट, त्यावर गोल कापलेलं गवत. कुणी लंडनहून आलेलं, कुणी ग्लासगोहून, आम्ही पुण्याहून. मूळचे कुठले, असं इथे कुणी कुणाला विचारत नसे, कारण मूळचं असं कुणी नव्हतंच. एकट्या ताऊंना मात्र ते विचारल्याशिवाय चैन पडत नसे. पोस्टमनलाही त्यांनी विचारलं होतं.

ताऊ म्हणजे राजबीरचे वडील. हरियाणातल्या एका गावचे जाट. उंच, हाडापेराने रुंद, आवाज शेतापलीकडच्या माणसाला हाक मारण्यासाठी घडवलेला. तो आवाज ब्रॅकनेलच्या बैठकीच्या खोलीत मावायचा नाही. त्यांच्या बोलीत मोठ्या काकांना ताऊ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला ताई. आईने पहिल्याच दिवशी शेजारणीला 'ताई' म्हटलं ते आपल्या अर्थाने, मोठी बहीण म्हणून. त्यांनी ते ऐकलं त्यांच्या अर्थाने. दोघींचाही गैरसमज झाला, दोघींनाही तो आवडला, आणि पुढे कुणी तो दुरुस्त केला नाही.

ताईंचं खरं नाव भतेरी. भतेरी म्हणजे पुष्कळ. पुष्कळ झाल्या मुली, आता पुरे. आईने ते ऐकून हळूच म्हटलं होतं, "आपल्याकडे नकुशा ठेवतात, तसं." ताई पॅकिंगच्या कारखान्यात कामाला जायच्या. तिथल्या गोऱ्या बायकांना भतेरी म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्यांचं बेट्टी केलं. ताईंना हे फार आवडायचं. हसता हसता ओढणी तोंडाला लावून म्हणायच्या, "आईनं म्हटलं पुरे, आणि गोरीनं म्हटलं बेटी. आता सांग, कोणती आई खरी?"

माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, दुपारची शिफ्ट. बाबा कंपनीतून यायला सात वाजायचे. म्हणून शाळा सुटली की मी ताईंच्या घरी. राजबीर दप्तर फेकून फुटबॉल खेळायला पळायचा. मला पळायची जागा नव्हती आणि खरं तर हौसही नव्हती. त्या घरात खाण्याचे वास होते. गोल्ड टॉप दुधाच्या बाटल्यांमधली साय ताई साठवून ठेवत आणि मोठ्या बरणीत घालून, मांडीवर घेऊन, टीव्ही बघता बघता हलवत बसत. आधी घट्ट डुबुक डुबुक, मग एकदम आवाज बदलायचा, पाण्यात गोळा पडल्यासारखा. लोणी आलं! त्या लोण्याचा गोळा आणि गुळाचा खडा, पोळीवर. बाहेर चार वाजताच अंधारून आलेलं असायचं, तीन दांड्यांचा हीटर लाल व्हायचा, आणि ताऊ त्यांच्या खुर्चीत येऊन बसायचे.

"सुण, छोरी," ते म्हणायचे. ऐक, पोरी.

आणि मग त्यांच्या गोताची गोष्ट सुरू व्हायची.

गोत म्हणजे कुळ. त्यांचं गोत जांडवाल. कुठल्याशा कोरड्या मुलखात, वाळूच्या कडेला, दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. दादा मेहर नावाचा एक माणूस एक बैलगाडी, एक नांगर आणि एक म्हैस घेऊन निघाला. पूर्वेकडे चालत राहिला. वाटेत गावं लागली, कुणी थांबू दिलं नाही. आणि एके दिवशी एका जांडीच्या झाडाखाली म्हैस बसली. ओढली, मारली, लालूच दाखवली, उठेना. मेहर म्हणाला, जनावर उगाच बसत नाही. तिथेच खणलं. गोड पाणी लागलं. जांडीखाली राहिले म्हणून जांडवाल, आणि म्हैस बसली ती जागा म्हणजे गाव.

इथे ताऊ थांबायचे. जणू काही म्हैस आत्ताच बसली आहे आणि तिला उठवायचं की नाही हे त्यांना ठरवायचं आहे. मग पिढ्या सुरू. मेहरचा दूला, दूलाचा सांवत, सांवतचा जैराम. जैरामचे दोन, एक नि:संतान, दुसरा हरदेव. तालावर, खुर्चीच्या हातावर बोटं आपटत. मी पाढ्यांबरोबर तेही पाठ केलं. खरं सांगायचं तर तेराच्या पाढ्याला मी तेव्हाही अडखळायचे, मेहर ते राजबीर मात्र एका दमात.

त्याआधीचं काय, मेहरच्या आधीचं? ते रोज बदलायचं. कधी जाट महादेवाच्या जटेतून निघाले, कधी चंद्राच्या वंशातले. एकदा कुठल्याशा मंडळाच्या हॉलमध्ये एका प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकून आले आणि आठवडाभर सगळे जाट मध्य आशियातून घोड्यावर बसून येत होते. मी विचारलं, "ताऊ, खरं कोणतं?"

"आलो कुठून याला काय करायचंय," ते म्हणाले. "थांबलो कुठे, ते लक्षात ठेव."

बाबांना मात्र ताऊंच्या या पिढ्यांनी थोडं अडचणीत आणलं. एका रविवारी चहा पिताना ताऊंनी विचारलं, "आपका गोत क्या है?"

"काश्यप असावं," बाबा म्हणाले.

"असावं?" ताऊंनी कप खाली ठेवला. मग वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांशी बाबांची गाडी अडली. "थांबा, मोठ्या भावाला विचारतो," म्हणाले. पुण्याला ट्रंक कॉल लावायला ते तयार झाले होते, आईने थांबवलं.

पण आमची अब्रू वाचवली ती दसऱ्याने. बाबा ताऊंना शमीच्या झाडाबद्दल सांगत होते. पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमी, काटेरी, बारीक पानांची. ताऊ ऐकता ऐकता ताठ बसले. शेंगा येतात? येतात. भाजी करतात? आमच्याकडे नाही, राजस्थानात करतात म्हणे. ताऊ उभेच राहिले. "भतेरी! अगं, ही तर जांडी!" आईने आतून येऊन शांतपणे सांगितलं, "आमच्या घराचं देवकच आहे ते. लग्नात आधी त्याची पूजा." देवक म्हणजे काय, ते समजावण्यात बाबांचे पुढचे दोन कप गेले. कुळाचं झाड, ज्याला आपण तोडत नाही, ज्यांचं देवक एक ते एकमेकांचे भाऊबंद.

ताऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग ही आमच्या गोताची छोरी झाली," ते म्हणाले. "राजबीर, बहीण आहे तुझी. ऐकतोस ना?" राजबीर बाहेर लाकडी कुंपणावर बसला होता. त्याने ऐकलं नाही, पण पुढच्या श्रावणापासून ताईंनी त्याला धरून माझ्यासमोर राखीला बसवलं, ते आजतागायत.

ब्रॅकनेलमध्ये शमी कुठली? ताऊंनी मागच्या बागेतल्या हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाला बिलायती जांडी ठरवून टाकलं. त्याखाली दोन विटा उभ्या, एक आडवी, वर पांढरा चुना. गावाकडे पहिल्या वसवणाऱ्याचं असं ठाणं असतं. मूर्ती नाही, नाव नाही. अवस आली की ताई तिथे पणती लावायच्या. पलीकडच्या मिसेस हॅरिसना वाटायचं हे पक्ष्यांसाठी आहे. त्या तिथे इमानेइतबारे शेंगदाणे ठेवत. ताऊंनी कधी अडवलं नाही. "मेहरलाही वाटेत कुणीतरी खायला दिलंच असेल," ते म्हणायचे.

संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन गेली की ताऊंना पानिपत आठवायचं. गाव तिथून फार लांब नाही. लढाई हरल्यावर दक्खनचे लोक थंडीत, अंगावरच्या कपड्यांनिशी वाट फुटेल तिकडे निघाले तेव्हा जांडवालांच्या बायकांनी त्यांना महिनोन्‌महिने बाजरीची खिचडी घातली, असं त्यांच्यात सांगतात. एक जण मग परत गेलाच नाही. त्याला सगळे दखणी म्हणत. बाबा हे ऐकताना दरवेळी तिळगूळ हातातच धरून बसायचे. त्यांच्यासाठी पानिपत हे शाळेच्या पुस्तकातलं दुःख होतं. इथे ते कुणाच्या तरी चुलीपर्यंत येऊन, जेवून, झोपी गेलं होतं.

नवरात्रात दोन्ही घरं एक व्हायची. आई पाटावर हत्ती काढून भोंडला मांडायची. ताई शेडच्या प्लायवूडवर चिखलाच्या चांदण्या थापून सांझी बसवायच्या. सांझी ही माहेराला आलेली मुलगी, आमचा हत्तीही आईच्या मते माहेरचाच. चांदण्यांसाठीचा चिखल आम्ही पोरं बागेतून खणून आणायचो. थंडगार, गांडुळांसकट. संध्याकाळी फेर धरायचा, गोल गोल, आधी आईची गाणी, मग ताईंची, एकमेकींना न कळणारी आणि चालीवर मात्र बरोबर बसणारी. मिसेस हॅरिसही एका वर्षी रेनकोट घालून फेरात होत्या. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "कस्टर्ड?" ती खीर होती. आईने बरोबर म्हणून टाकलं.

ताऊंची गोष्ट मी ऐकायची बैठकीत. पण स्वयंपाकघरात दुसरी गोष्ट चालायची, आणि ती मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आली. बाहेर ताऊ म्हणायचे, मेहरचा दूला; आत परात पुढ्यात घेऊन ताई पुटपुटायच्या, "दूलाची सरती." मला वाटायचं त्या कणकेशी बोलतात. एकदा मी पाणी प्यायला आत गेले आणि उभी राहून ऐकलं.

"सांवतची चांदो," त्या म्हणत होत्या. "तिची गाय तिच्यामागे चालत सासरी आली. जैरामची किताबो. आयुष्यात कधी किताब बघितली नाही. हरदेवची सुरजी, काळी होती, पण गावात तिच्याइतकं गोड ताक कुणाचं नव्हतं."

"आणि मेहरची?" मी विचारलं.

ताईंनी दाराकडे बघितलं. बाहेर ताऊ अजून बोटं आपटत होते.

"मामकौर," त्या म्हणाल्या. "आणि म्हैस बसली नव्हती, छोरी."

"मग?"

"मामकौर बसली होती. दिवस भरले होते तिचे. झाडाखाली बसली आणि म्हणाली, आता इथून मी हलत नाही, तुमचं तुम्ही बघा. म्हैस काय, ती तर पुढे चरत गेली होती. तिला नंतर शोधून आणली." त्यांनी कणकेवर ओली मूठ मारली. "पण पुरुष माणूस बायकोमुळे थांबला, असं कसं सांगणार? म्हशीमुळे थांबला हे बरं दिसतं."

मी ताऊंना हे कधी विचारलं नाही. ताईंनाही त्याची गरज वाटली नसावी. पण त्या दिवसापासून मी दोन्ही दोऱ्या धरून ठेवल्या, बाहेरची आणि आतली. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. लहानपणी माणूस खिशात दगड गोळा करतो, तसं.

राजबीरला यातलं काही नको होतं, आणि त्यात त्याचंही चुकलं नाही. शाळेत त्याला रॉब म्हणत. ताऊंनी एकदा त्याच्या टेपरेकॉर्डरवर सगळ्या पिढ्या बोलून ठेवल्या होत्या. पुढच्याच रविवारी त्याने रेडिओवरची टॉप फॉर्टी त्याच कॅसेटवर भरली. ताऊंनी ती लावली तेव्हा मेहरपर्यंत ताऊ होते आणि दूलाच्या जागी गिटार. ते कितीतरी वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "वाजवतोय बरा."

मग आम्ही मोठे झालो. मी मँचेस्टरला शिकायला गेले, ट्राम नवी नवी सुरू झालेली. तिच्या घंटेने पहिले काही महिने मला झोप येत नसे आणि नंतर तिच्याशिवाय येईना. बाबा-आई निवृत्त होऊन पुण्याला परतले. भिंतीच्या आमच्या बाजूचं घर विकलं गेलं. ताऊ गेले, मग काही वर्षांनी ताई. दोन्ही वेळी मी आले, दोन्ही वेळी मोहरीच्या तेलाचा वास नव्हता, एवढंच मला आठवतं. पणती मात्र दर अवसेला लागते. राजबीर बॅटरीवरची लावतो.

गेल्या महिन्यात किरणचा फोन आला. "आंटी, डॅडला फक्त पणजोबांपर्यंत येतं," ती म्हणाली. "ओवेनच्या घरी सगळे आपापल्या फार्मबद्दल बोलतात, सेम फार्म, जनरेशन्स आणि जनरेशन्स. मला विचारलं तर मी म्हटलं ब्रॅकनेल. डॅड म्हणाला, तुम्हाला सगळं पाठ आहे. इज दॅट ट्रू?"

"पाठ होतं," मी म्हटलं. आणि त्या क्षणी मला भीती वाटली. इतकी वर्षं ते मी मोठ्याने एकदाही म्हटलं नव्हतं. फोन ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि सुरू केलं. सांवतपर्यंत आलं आणि थांबलं. पुढे पांढरी भिंत. परत मागून घेतलं, टेबलावर बोटं आपटून बघितली. तेव्हा कुठे जैराम आला, हात धरून आणल्यासारखा.

तर आजची ही दुपार. किरणला हळद लावून झाली. कपाळ, गाल, कोपर, पाय, सगळं पिवळं, आणि तिच्या जीन्सवर पिवळे पंजे. बायकांनी गाणी म्हटली, निम्मे शब्द विसरून, खिदळत. मग राजबीरने सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "आता ही आपल्याला गोताची गोष्ट सांगणार आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून काठी आपटली. तिथे चाचा बसले होते, ताऊंचे धाकटे भाऊ, वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेले. ऐंशीच्या पुढचे, लोकरीची टोपी, ताऊंचाच आवाज, फक्त आता झिजलेला.

"मुलीच्या बानला वंशावळ कधी ऐकली नाही मी," ते म्हणाले. "मुलगी तर चालली दुसऱ्या घरी. आणि सांगणार कोण? ही? ही कुठल्या गोताची?"

मला उठून निघून जावंसं वाटलं. ते काही वाईट बोलले नव्हते. त्यांच्या जागी बसून बघितलं तर खरंच होतं ते.

"माझ्या बापूने हिला गोतात घेतलंय," राजबीर म्हणाला. "मी तिथेच होतो. कुंपणावर."

म्हणजे त्याने ऐकलं होतं! इतक्या वर्षांनी मला ते कळत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो कार्पेटकडे बघत होता.

"मग तुम्ही सांगा, चाचा," मी म्हटलं. "तुमच्याकडून ऐकायला मला जास्त आवडेल."

चाचांनी तोंड उघडलं. "मेहरचा दूला," ते म्हणाले. "दूलाचा सांवत..." मग ओठ हलत राहिले. काठीच्या मुठीवर अंगठा फिरत राहिला. "लहान होतो मी. मोठ्याला सगळं यायचं," ते शेवटी म्हणाले, आणि हाताने मला खूण केली. सांग.

मी सांगितलं. सोपं हिंदी, मध्येच इंग्रजी, सवयीने मराठी. दुष्काळ, गाडी, नांगर, म्हैस. आणि जांडीखाली पोचल्यावर मी क्षणभर घुटमळले आणि मग ताईंच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगून टाकलं. म्हैस पुढे चरत गेली होती. बसली ती मामकौर.

किरण एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या गालावरची हळद पडली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी चाचांकडे बघायचं टाळलं आणि पिढ्या सुरू केल्या, आता दोन्ही दोऱ्या एकत्र. मेहरची मामकौर, त्यांचा दूला. दूलाची सरती, त्यांचा सांवत. सांवतची चांदो, जिची गाय तिच्यामागे आली. एकीकडे बैठक, एकीकडे स्वयंपाकघर, आणि मध्ये मी, दाराच्या चौकटीत उभी असल्यासारखी. अडखळले नाही. ताऊ आणि ताई आळीपाळीने बोलत होते, मी फक्त वाट करून देत होते.

अशी येत येत मी रणपतपर्यंत आले. रणपत म्हणजे ताऊंचे आणि चाचांचे वडील. आणि तिथे थांबले, कारण तिथे ताई नेहमी थांबायच्या. रणपतच्या बायकोपाशी आल्या की ओढणी पुढे ओढून नुसतं म्हणायच्या, "मग माझी सासू." सासूचं नाव घ्यायचं नसतं. मीही कधी विचारलं नाही.

"रणपतची..." मी म्हटलं. "ताई त्यांचं नाव घ्यायच्या नाहीत. मला ते ठाऊक नाही."

राजबीरने मान हलवली. त्यालाही नव्हतं. तो तर तिला एकदाच भेटला होता, तीन वर्षांचा असताना. दादी म्हणायचा.

"भरपाई."

सगळ्यांनी वळून बघितलं. चाचा कुणाकडेच बघत नव्हते.

"भरपाई नाव होतं माझ्या आईचं," ते म्हणाले. "तिच्या घरी मुलीवर मुली. ही झाली तेव्हा म्हणाले, भरून पावलो, आता बस."

मी सांगू की नको असा विचार केला, आणि मग सांगितलं. "चाचा, आमच्या मराठीत या शब्दाचा अर्थ दुसरा आहे. काही गेलं असेल, हरवलं असेल, ते भरून मिळणं. त्याला आम्ही भरपाई म्हणतो."

त्यांनी तो शब्द एकदा पुन्हा, आमच्या अर्थाने म्हणून पाहिल्यासारखा म्हटला.

"हा अर्थ बरा आहे," ते म्हणाले.

नंतर ते आपणहूनच बोलायला लागले. किरण उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली, पिवळे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. ते गाव सोडून इथे यायला निघाले तेव्हाची गोष्ट. सगळा गाव बसपर्यंत सोडायला आला. आई आली नाही. त्यांना राग आला. बस सुटली, शेतांमधून निघाली, आणि सहज मागे बघितलं तर घराच्या छतावर काहीतरी चमकत होतं. आई काशाची थाळी घेऊन वर चढली होती आणि ती उन्हात धरून उभी होती. उसाच्या आड घर दिसेनासं झालं, तळं दिसेनासं झालं, ती चमक दिसत राहिली. तिला लिहिता येत नव्हतं, लांब हाक मारण्याइतका आवाज नव्हता. "मग बस वळली," ते म्हणाले.

समोशांवरची वाफ केव्हाच गेली होती. कुणी प्लेट उचलत नव्हतं.

"कुठल्या बाजूला वळली, दादाजी?" किरणने विचारलं.

चाचांनी थोडा विचार केला. मग काठी मांडीवर आडवी ठेवून हात उचलला आणि दाखवलं, बागेच्या दाराच्या डाव्या अंगाला, मिसेस हॅरिसच्या जुन्या घराच्या धुराड्यावरून, जिथे त्या वेळी ढग बाजूला होऊन थोडं ऊन पडलं होतं. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो.